गांज्याच्या कायदेशीर विक्रीतून सरकारच्या तिजोरीत नेमके किती पडते?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला. केंद्र सरकारच्या अमली पदार्थांच्या सगळ्यांत कडक यादीतून गांजा काढून खालच्या यादीत टाकायचे काम बराच काळ रेंगाळले होते, ते लवकर उरका, असे त्यात होते. अमेरिकेतून गांज्याची अशी एखादी बातमी आली की आपल्याकडे लगेच ऐकू येते, "तिकडे सरकार गांज्यावर अब्जावधी डॉलर कमावते आणि आपण नुसते गुन्हे दाखल करतो."

अब्जावधीचा आकडा खोटा नाही. गांजा कायदेशीर असलेल्या अमेरिकी राज्यांनी २०२४ या एका वर्षात त्यावर सुमारे ४४० कोटी डॉलर कर गोळा केला. पण तो कर कशावर लागतो, वर्षागणिक वाढतो की घटतो, आणि त्यातून सरकारचे खरोखर किती भागते, हे पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. गांजा कायदेशीर असावा की नसावा हा वाद आरोग्याचा आणि न्यायाचा आहे, तो त्याच मुद्द्यांवर व्हायला हवा. त्यात तिजोरीचे आमिष पुढे केले जाते, म्हणून निदान त्या आमिषाचा हिशेब तरी नीट मांडलेला असावा, एवढ्यासाठी हा लेख.

## अमेरिकेत गांजा कायदेशीर आहे की नाही?

आहे आणि नाही, दोन्ही. केंद्राच्या १९७० च्या कायद्यानुसार गांजा विकणे आजही गुन्हा आहे. पण २४ राज्यांनी आपापल्या हद्दीत प्रौढांना मौजेसाठी गांजा वापरायची मुभा दिली आहे आणि केंद्र सरकार त्यांच्या आड येत नाही. सुरुवात केली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ रोजी कोलोरॅडोत पहिली दुकाने उघडली.

या लेखात कोलोरॅडोचेच उदाहरण मुख्य धरले आहे, कारण सगळ्यांत जुना हिशेब तिथला आहे आणि तो महिन्यामहिन्याला जाहीर होतो. राज्याची लोकसंख्या ५८ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. दुकानात जायचे तर वय २१ पूर्ण हवे. प्रत्येक रोपाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावलेला असतो आणि ते रोप शेडमधून दुकानाच्या बरणीपर्यंत कसे गेले, याची नोंद सरकारी संगणकात होते. ही पाळत आरोग्यासाठी आहे, काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी आहे, आणि करवसुलीसाठीही आहे. माल किती पिकला हेच ठाऊक नसेल तर त्यावर कर बसवणार कसा?

## कर लागतो कुठे?

इथे एकच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवावा लागेल: अबकारी कर. दारू, सिगारेट अशा ठरावीक वस्तूंवर, बहुधा उत्पादकाकडून माल बाहेर पडतानाच, जो खास कर लावतात तो अबकारी कर. महाराष्ट्रात मद्यावरचा कर गोळा करणारे खाते ‘राज्य उत्पादन शुल्क’ या नावाने ओळखले जाते, ते याच जातीचे.

कोलोरॅडोत गांज्यावर दोन ठिकाणी कर लागतो. माल शेतावरून दुकानात जातो तेव्हा १५ टक्के अबकारी. दुकानातून गिऱ्हाईक घेते तेव्हा आणखी १५ टक्के खास विक्रीकर. त्यावर शहराचा कर, वाहतूक मंडळाचा कर आणि इतर किरकोळ कर. राजधानी डेन्वर शहरात गल्ल्यावर लागणाऱ्या करांचीच बेरीज २६ टक्क्यांच्या वर जाते, आणि शेतावरचा कर किमतीत आधीच मुरलेला असतो.

पहिल्या करात एक मेख आहे. बरेचदा शेत आणि दुकान एकाच मालकाचे असते. मग माल ‘विकला’ जातच नाही, या खोलीतून त्या खोलीत जातो. अशा वेळी १५ टक्के काढायचे कशाचे? त्यासाठी कोलोरॅडोचे महसूल खाते दर तीन महिन्यांनी सरासरी बाजारभाव जाहीर करते आणि कर त्या भावावर आकारला जातो. तिथल्या सगळ्या कथेची किल्ली या भावात आहे, म्हणून पुढे तो पुन्हा येईल.

करकायदा लिहिताना एका ओळीने काय होते तेही याच राज्याने पाहिले. २०१७ मध्ये विधिमंडळाने गांज्यावरील साधा विक्रीकर काढून खास विक्रीकर १५ टक्क्यांवर नेला. मसुद्यातल्या चुकीमुळे डेन्वरचे बस-रेल्वे मंडळ आणि संग्रहालये व प्राणिसंग्रहालय चालवणारा जिल्हा यांचा छोटासा कर त्याच फटक्यात रद्द झाला. एकट्या वाहतूक मंडळाला दरमहा सुमारे पाच लाख डॉलरचा खड्डा पडला. राज्यपालांनी खास अधिवेशन बोलावले, तिथे राजकारणात दुरुस्ती अडकली, आणि पुढच्या वर्षी कुठे ती मंजूर झाली. चूक कोणाच्या मनात नव्हती. नवा कर जुन्या करांच्या जाळ्यात बसवताना इतके बारकाईने पाहावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

## आधी चढण, मग उतार

२०१४ या पहिल्या वर्षी कोलोरॅडो राज्याला गांज्यावरील कर आणि शुल्क मिळून सुमारे ६.८ कोटी डॉलर मिळाले. २०१७ मध्ये २४.७ कोटी. २०१९ मध्ये ३० कोटींच्या वर. २०२१ मध्ये ४२.३ कोटी. इथवरचा आलेख पाहून इतर राज्यांच्या तोंडाला पाणी सुटले नसते तरच नवल.

मग उतार लागला. २०२२ मध्ये ३२.५ कोटी, २०२३ मध्ये २७.४ कोटी, २०२४ मध्ये सुमारे २५.५ कोटी. तीन वर्षांत चाळीस टक्के उत्पन्न गेले. वर्षाची विक्री २२० कोटी डॉलरवरून १४० कोटींवर आली.

असे का झाले? कारणे तीन आणि तिन्ही एकाच वेळी आली.

पहिले, भाव कोसळले. नाशिक-नगरच्या कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एका वर्षी भाव चढले की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो, आणि मग बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा लागून भाव पडतात. कोलोरॅडोत हेच झाले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत डेन्वरच्या महापौरांनी मद्याची आणि गांज्याची दुकाने बंद ठेवायची घोषणा केली. दुकानांबाहेर अशा रांगा लागल्या की काही तासांत तो निर्णय फिरवावा लागला. घरी बसलेली माणसे आणि हाती आलेली सरकारी मदत यांमुळे खप वाढला, भाव चढला आणि लागवडही वाढली. २०२१ च्या सुरुवातीला महसूल खात्याचा सरासरी भाव पौंडाला १,७०० डॉलरच्या पुढे होता. दोन वर्षांत तो ७०० डॉलरच्या खाली गेला. आता अबकारीचे गणित पाहा. १,७०० वर १५ टक्के म्हणजे २५५ डॉलर. ७०० वर १०५. तेवढाच माल, तेवढीच तपासणी, तेवढेच कर्मचारी, पण तिजोरीत येणारी रक्कम निम्म्याहून कमी. किमतीच्या टक्क्यात कर लावला की सरकारही भावाच्या जुगारात उतरते.

दुसरे कारण शेजारी राज्ये. त्रिनिदाद नावाचे एक छोटे गाव कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला आहे. हा एके काळचा कोळसाखाणींचा मुलूख. लोकवस्ती आठ हजारांच्या आसपास आणि गांज्याची दुकाने त्या मानाने भरमसाट. ती चालायची हमरस्त्यावरून टेक्सास आणि न्यू मेक्सिकोहून येणाऱ्या गिऱ्हाइकांवर. १ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिकोने स्वतःची दुकाने उघडली. टेक्सासच्या माणसाला आता कोलोरॅडोपर्यंत गाडी हाकायची गरज उरली नाही. सुरुवातीच्या राज्यांना जो पैसा मिळाला, त्यात परराज्यातून आलेला वाटा मोठा होता. सगळ्यांनीच दुकाने उघडली की तो वाटा वाटला जातो.

तिसरे कारण कायद्यातली पळवाट. २०१८ च्या केंद्रीय शेती कायद्याने औद्योगिक भांगेला, म्हणजे ज्यात टीएचसी हे नशा आणणारे रसायन ०.३ टक्क्यांहून अधिक नाही अशा वाणांना, मोकळीक दिली. त्यापासून प्रयोगशाळेत नशा देणारे पदार्थ बनवून ते पेट्रोलपंपांवर आणि ऑनलाइन विकले जाऊ लागले. त्यांना गांज्याचा कर नाही की गांज्याच्या दुकानाचा परवाना नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने ही वाट बुजवणारी तरतूद केली आणि तिच्या अंमलासाठी वर्षभराची मुदत दिली.

## ‘पडले तरी २५ कोटी डॉलर कमी आहेत का?’

कमी नाहीत, पण कशाच्या तुलनेत ते पाहू. कोलोरॅडो राज्याचा वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे ४,००० कोटी डॉलरचा आहे. गांज्याचा कर त्यात एक टक्कासुद्धा भरत नाही. ऐन भरात, २०२१ मध्येही तो एक टक्क्याच्या आसपासच होता.

आपल्या ओळखीच्या आकड्याशी ताडून पाहायचे तर जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज सांगितला गेला. कोलोरॅडोचा २०२४ चा गांज्याचा सगळा कर रुपयांत मोजला तर २,२०० कोटींच्या घरात जातो.

यातलाही सगळा पैसा ‘नवा’ नाही. गिऱ्हाइकाने गांज्यावर शंभर डॉलर घातले, म्हणजे ते त्याने हॉटेलात, कपड्यांवर किंवा बीअरवर घातले नाहीत. त्या खर्चावर सरकारला जो साधा विक्रीकर मिळाला असता तो बुडाला. निव्वळ कमाई काढायची तर ही वजाबाकी करावी लागते, आणि भाषणांत ती क्वचितच ऐकू येते.

## ‘पण पैसा शाळांना जातो ना?’

जातो, आणि कोलोरॅडोने हे काम प्रामाणिकपणे केले आहे. २०१३ मध्ये मतदारांनी हा कर मंजूर केला तेव्हाच ठरले होते की शेतावरच्या अबकारीतले पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामासाठी राखून ठेवायचे. गळकी छपरे, जुने बॉयलर, मोडकळीला आलेल्या ग्रामीण शाळा यांसाठी त्यातून अनुदाने दिली गेली. प्वेब्लो काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आपल्या स्थानिक करातून गावातल्या मुलांसाठी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती सुरू केली. ही कामे डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे मोल आहेच.

गैरसमज होतो तो पुढे. ‘गांज्याचा पैसा शाळांना’ हे ऐकून पालकांना वाटते की आता शाळांना पैशाची ददात नाही. पण बांधकामाच्या निधीतून शिक्षकांचे पगार होत नाहीत. मग शाळेसाठी जादा कराचा प्रस्ताव मतदानाला आला की लोक विचारतात, गांज्याचे एवढे कोटी गेले कुठे? एका डोळ्यात भरणाऱ्या करामुळे बाकीच्या कंटाळवाण्या, पण जास्त गरजेच्या करांबद्दल लोकांचे मन कठीण होते. मला हा या कराचा सगळ्यांत मोठा छुपा तोटा वाटतो.

कोलोरॅडोचा आणखी एक अनुभव सांगण्याजोगा आहे. १९९२ पासून तिथल्या राज्यघटनेत एक कलम आहे. सरकारने नवा कर मंजूर करून घेताना राज्याच्या एकूण उत्पन्नाचा जो अंदाज मतदारांना दिला, त्याहून प्रत्यक्ष उत्पन्न वाढले तर पैसे परत करावे लागतात. गांज्याच्या बाबतीत हा पेच लगेच उभा राहिला. कर अंदाजाएवढाही जमला नव्हता, पण राज्याची बाकीची कमाई वाढली होती, म्हणून गांज्याचा कर परत करायची पाळी आली! त्यापायी १६ सप्टेंबर २०१५ या एका दिवसापुरते गांज्यावरचे राज्याचे खास कर शून्य करावे लागले. शेवटी त्या नोव्हेंबरात पुन्हा मतदान घेऊन ६.६ कोटी डॉलर ठेवून घ्यायची परवानगी सरकारने मिळवली.

## ‘मग कर जास्त लावा, म्हणजे जास्त मिळेल’

कॅलिफोर्नियाने हे करून पाहिले. २०१६ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव ठेवताना राज्याच्या विश्लेषकांनी सांगितले होते की यथावकाश वर्षाला शेकडो दशलक्ष ते १०० कोटींहून अधिक डॉलर मिळू शकतील. १ जानेवारी २०१८ रोजी विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षी हाती आले सुमारे ३४.५ कोटी.

तिथे दुकानावर १५ टक्के अबकारी होतीच, शिवाय शेतकऱ्यावर वजनाप्रमाणे कर होता. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, सुक्या फुलाला ९ डॉलर २५ सेंट. पुढे महागाईच्या हिशेबाने तो १० डॉलरच्या वर गेला. भाव चांगला होता तोवर हे निभले. २०२१ मध्ये भाव कोसळले, पण वजनावरचा कर जागचा हलला नाही. उत्तरेकडच्या हम्बोल्ट, मेंडोसिनो भागातल्या लहान शेतकऱ्यांना माल विकून कर भरला की हातात काही उरेना. जुलै २०२२ पासून तो कर रद्द करावा लागला.

टक्क्याचा कर भावाबरोबर पडतो, वजनाचा कर शेतकऱ्याला पाडतो. कॅनडाने तर दोन्ही एकत्र केले आहेत: ग्रॅमला एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांतले जे जास्त असेल ते. २०१८ मध्ये हा नियम केला तेव्हा दोन्ही रकमा जवळपास सारख्या येतील असे धरले होते. भाव पडल्यावर एक डॉलरचा कर अवजड झाला आणि कित्येक परवानाधारक कंपन्यांकडे कराची थकबाकी साचली. इलिनॉयने तिसरी वाट धरली. तिथे माल जितका कडक तितका कर जास्त. टीएचसी ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर १० टक्के कर, त्याहून अधिक असेल तर २५ टक्के. आरोग्याच्या दृष्टीने हे मला सर्वांत समंजस वाटते, कारण ज्याने अपाय जास्त, त्यावर बोजा जास्त. २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत इलिनॉयला मद्यापेक्षा गांज्यावर अधिक कर मिळाला.

आणि कर चढवण्याला खरा अटकाव करतो तो काळा बाजार. दारूच्या बाबतीत परवान्याची दुकाने आणि कंपन्या आधीपासून मुरलेल्या आहेत. गांज्याचे उलटे आहे. इथे चोरटा विक्रेता आधीपासून बसलेला आहे, त्याचे गिऱ्हाईक बांधलेले आहे, आणि त्याला प्रयोगशाळेची तपासणी, परवाना, कर यांतले काही भरायचे नाही. कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत किरकोळ विक्रीची दुकाने नकोत असे ठरवले. म्हणजे कायदेशीर दुकान लांब आणि महाग, तर चोरटा माल दाराशी आणि स्वस्त.

## खर्चाची बाजू

तपासणी अधिकारी, प्रयोगशाळा, परवान्यांची कचेरी यांचा खर्च परवाना शुल्कातून बराचसा निघतो. आरोग्याचा खर्च असा सरळ मोजता येत नाही. कोलोरॅडोत गांजा घातलेल्या गोळ्या आणि चॉकलेटे मुलांनी खाऊ समजून खाल्ल्याच्या घटना वाढल्या. ऑक्टोबर २०१७ पासून प्राणी, फळे किंवा माणसांच्या आकारात असे पदार्थ बनवायला राज्याने बंदी घातली. अशा मुलाला तातडीच्या विभागात नेले तर ते बिल विमा भरतो, पालक भरतात, काही सरकार भरते. कराच्या तक्त्यात ते कुठेच उमटत नाही.

बचतीचेही तसेच आहे. गांज्यासाठी कोलोरॅडोत २०१२ मध्ये १३,२०० च्या आसपास अटका झाल्या होत्या, २०१९ मध्ये त्या ४,३०० च्या घरात आल्या. म्हणून पोलिसांचे पगार कमी झाले नाहीत, त्यामुळे अर्थसंकल्पात बचत दिसत नाही. पण हजारो तरुणांच्या नावावर गुन्ह्याची नोंद झाली नाही, त्यांची नोकरी, घरभाडे, शिक्षणाचे कर्ज अडले नाही. पैशात मांडता आला नाही, तरी हा लाभ मी करापेक्षा मोठा धरतो.

## केंद्र सरकारला काय मिळते?

इथे गंमत नाही, विचित्र अन्याय आहे. १९८१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने करन्यायालयात धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करून मागितला आणि त्याला तो बराचसा मिळाला. चिडलेल्या संसदेने १९८२ मध्ये आयकर कायद्यात २८०-ई हे कलम घातले. कडक यादीतल्या पदार्थांचा धंदा करणाऱ्याला मालाच्या खरेदीखेरीज कोणताही खर्च वजा करता येणार नाही.

कलम चोरट्यांसाठी होते, लागू झाले परवानाधारक दुकानांना. समजा एका दुकानाची वर्षाची विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडे-पगार-वीज मिळून साडेतीन लाख. खरा नफा ५० हजार. कपड्याच्या दुकानाला यावर २१ टक्के दराने साडेदहा हजार केंद्रीय कर पडेल. गांज्याच्या दुकानाचा कर मात्र चार लाखांवर मोजला जाईल, म्हणजे ८४ हजार. नफ्याहून कर मोठा!

सुरुवातीला उल्लेख केलेल्या आदेशाचे महत्त्व इथे आहे. गांजा खालच्या यादीत गेला तर २८०-ई लागू राहणार नाही. त्याने गांजा देशभर कायदेशीर होत नाही, आणि केंद्राचे उत्पन्न वाढण्याऐवजी घटते. ‘अब्जावधीची कमाई’ या सुरात ही बातमी सांगणाऱ्यांनी ती उलटी वाचली आहे.

## करावर कोणी विसंबले की काय होते?

ओरेगॉनमध्ये गांज्याच्या करातला ४० टक्के वाटा शाळानिधीला जायचा. २०२० मध्ये मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर करून वर्षाला ४.५ कोटी डॉलरच्या वरची सगळी रक्कम व्यसनमुक्ती सेवांकडे वळवली. कारण उत्तम होते, पण ज्या शहरांनी आणि काउंट्यांनी तो पैसा धरून पोलीस आणि आरोग्यसेवा आखल्या होत्या, त्यांच्या अंदाजपत्रकाला भोक पडले.

कॅलिफोर्नियात प्रकरण याहून अवघड झाले. २०२२ मध्ये शेतावरचा कर काढताना ठरले होते की ती तूट भरून काढायला पुढे दुकानावरचा कर वाढवता येईल. त्याप्रमाणे १ जुलै २०२५ ला तो १५ वरून १९ टक्के झाला. दुकानदार आधीच टेकीला आले होते, ओरड झाली आणि सप्टेंबरात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी तो पुन्हा १५ वर आणणाऱ्या विधेयकावर सही केली. विरोधात कोण होते? पाळणाघरे आणि पर्यावरणरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्था. या कराचा ६० टक्के वाटा मुलांच्या आणि तरुणांच्या कार्यक्रमांना आणि २० टक्के पर्यावरणाला जातो, असे मूळ कायद्यातच आहे. गांज्याचा खप घटला की पाळणाघराचे अनुदान घटते. व्यसन कमी व्हावे म्हणून झटणाऱ्यांचा पगार व्यसनाच्या खपावर अवलंबून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्या संस्थांचा यात काडीचाही दोष नाही.

## ‘आपल्याकडे केले तर?’

हे आपल्याला नवे नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात गांजा परवान्याने विकला जात होता आणि अबकारी हे प्रांतांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. बंगालमध्ये, आज बांगलादेशात असलेल्या नौगावच्या परिसरात, सरकारी देखरेखीखाली लागवड होई, माल सरकारी गोदामात जाई आणि कर भरल्याशिवाय बाहेर पडत नसे. १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. बंदी नको, परवान्याशिवाय लागवड नको, लागवड एका जागी आणा, दुकाने मर्यादित ठेवा, जवळ बाळगायच्या मालावर मर्यादा घाला आणि पुरेसा कर लावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. कोलोरॅडोच्या नियमपुस्तिकेशी त्या बऱ्याच जुळतात. फरक हा की आयोगाच्या मते कर हे खप आवरण्याचे साधन होते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस देशभर बेकायदा झाले. झाडाची पाने आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आजही आहेत आणि त्यांचा लिलाव वा शुल्क राज्याच्या अबकारी खात्याकडे जाते. महाराष्ट्रात तशी दुकाने नाहीत.

अलीकडे ‘भारतात गांजाशेती’ अशा मथळ्याने ज्या बातम्या येतात त्या वेगळ्याच आहेत. उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने दिले. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या कृषी विद्यापीठांकडे लागवडीचा प्रायोगिक अभ्यास सोपवला. रोख आहे तो औषधे, धागा, कागद, तेल यांवर, आणि औद्योगिक वाणात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राखायचे आहे. अशा धाग्याच्या कापडावर किंवा तेलाच्या बाटलीवर नशेचा खास कर लागत नाही, इतर मालासारखा जीएसटी लागतो. कोलोरॅडोची २५ कोटी डॉलरची वसुली नशेच्या किरकोळ विक्रीवर आहे. हिमाचलच्या प्रयोगात ती विक्रीच नाही, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला किंवा सरकारला काय मिळेल हे त्या आकड्यावरून काढता येत नाही. ते धाग्याच्या आणि औषधी मालाच्या भावावरून, गिरणी किती लांब आहे आणि एकरी उत्पादन किती निघते यांवरून काढावे लागेल.